कपाळावरचे सिंह

तमाम जनतेस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, प्रस्तुत लेखिकेच्या कपाळावर एके काळी भारत सरकारचा प्रत्यक्ष अंमल होता. अंमल चांगला गोल, गार आणि वजनदार होता. चांदीचा होता. त्यावर चार सिंह होते, पैकी तीन दिसायचे. चौथ्याची चौकशी पुढे येईल. सदर अंमल ओल्या फडक्याने माझ्या डोक्याला बांधलेला असे, आणि तो ठेवावा की उठवावा यावरून आमच्या घरात जे युद्ध पेटलं त्याची नोंद एकाही इतिहासकाराने घेतलेली नाही. तेव्हा ही जबाबदारी नाइलाजाने माझ्यावर आली आहे. वाचकांनी उभं राहण्याची गरज नाही. बसून वाचलं तरी चालेल.

मार्च लागला की मला अजूनही अंगात कसर आल्यासारखं वाटतं. साठी उलटली, चष्म्याचा नंबर तीनदा बदलला, पण निंबाचा फुलोरा रस्त्यावर सांडायला लागला आणि शाळेच्या फाटकाशी परीक्षेची गर्दी दिसली, की जिभेवर कडू गोळीची चव येते. मी फिरायला निघालेली असते ती तिथेच थांबते. आया पोरांच्या हातावर दही-साखर ठेवत असतात. बाप आपल्याच चपलांकडे पाहत उभे असतात, जणू प्रश्नपत्रिका तिथे छापली आहे. पोरं म्हणतात, "आता जा ना तुम्ही!" आणि ही माणसं जात नाहीत. कुठे जातील? वर्षभराचा जीव आत गेलेला असतो. मी त्या बापांकडे पाहते आणि मला फार हसू येतं. मग डोळे पुसावे लागतात. लोकांना वाटतं, बाईंचा कोणी नातू आत बसलाय.

तो उन्हाळा बाहत्तरच्या दुष्काळामागून आलेला. वाशीम जिल्हा तेव्हा जन्मायचा होता, आम्ही अकोल्याचे. पण कामरगाव कामरगावच होतं, आणि गावाच्या कडेची आमची वस्तीही तीच. विहिरीत बादली सोडली की पाण्याआधी दगडाचा आवाज यायचा. कंट्रोलच्या, म्हणजे रेशनच्या, दुकानात लाल मिलो मिळायची, परदेशातून आलेली ज्वारी. तिची भाकरी तव्यावर असतानाच विटेसारखी दिसे आणि पोटात गेल्यावर तसंच वागे. रस्त्यावर दुष्काळी काम निघालं होतं. सकाळ झाली की खडी फुटायला लागायची, टक् टक् टक्, आणि मला ती माझ्याच डोक्यात फुटत असल्यासारखी वाटायची. कारण मी खाटेवर पडलेली होते. मॅट्रिकचं वर्ष, पेपर तोंडावर, आणि मला मुदतीचा ताप.

पण आधी चांदीचं सांगते.

बाबा कारंज्याला एका बँकेत चपराशी होते. शिक्षण चौथीपर्यंत, आणि स्वाभिमान एम.ए.पर्यंत. त्यांना एक नाद होता. अशोकस्तंभाचे सिंह असलेलं प्रत्येक जातीचं नाणं ते जमवत. एक पैसा, दोन पैसे, तीन पैशांचं सहा कोनांचं, पाच पैशांचं चौकोनी, दहा पैशांचं लाटालाटांच्या कडेचं, पितळी वीस पैसे, चार आणे, आठ आणे, बंदा रुपया. चहाच्या खोक्याची एक फळी, तिच्यावर फाटक्या छत्रीचं काळं कापड, आणि त्यावर ही सगळी नाणी सिंहाची बाजू वर करून डिंकाने चिकटवलेली. बाकीच्या घरांत कॅलेंडरं असायची. आमच्या भिंतीवर जंगल होतं.

मग बँकेत दहा रुपयांचं चांदीचं नाणं आलं. स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली म्हणून सरकारने काढलेलं. एका अंगाला झेंडा धरलेलं जोडपं, मागे दिल्लीची संसद. दुसऱ्या अंगाला सिंह. बाबांनी पगारातली दहाची नोट देऊन ते घेतलं आणि कारंज्याहून कामरगावपर्यंत एस.टी.त एक हात खिशात घालून उभे राहिले. कंडक्टरने तिकिटाचे पैसे मागितले तेव्हाही त्यांनी डाव्या हाताने उजवा खिसा चाचपला, पण मूठ उघडली नाही.

ते नाणं फळीच्या माथ्यावर, डिंक न लावता, बारीक तारेत बसवलं गेलं. दर रविवारी कोणी ना कोणी पाहायला यायचं आणि बाबा बांबूची काडी घेऊन व्याख्यान द्यायचे. "हे कोनाचे सिंह? सम्राट अशोकाचे. अशोक कोन? बुद्धाचा उपासक. म्हंजे आपला मानूस. आता हे बसले कुठं? सरकारच्या डोक्यावर! नोटीवर, शिक्क्यावर, कचेरीवर. ज्यायनं आपल्याले गावाबाहेर बसवलं, त्यायच्या खिशात आपले सिंह हायेत आन त्यायले माहीतच नाई!" हे वाक्य म्हणताना त्यांचा चेहरा असा खुलायचा की मिलोची भाकरी गोड लागायची.

एका रविवारी मायनं चुलीपाशी बसूनच विचारलं, "चार म्हनता, मले तं तीनच दिसून राह्यले."

"चवथा मागं हाय. दिसत नाई."

"न दिसनारं मानायचं नाई, असं तुमीच सांगता ना वस्तीत?"

पाहुण्याने चहाचा घोट कपातच ठेवला. बाबांनी काडी खाली ठेवली. त्या दिवशीचं व्याख्यान तिथेच संपलं.

माय नाखुशीने बौद्ध झाली, असं कोणी समजू नये. छप्पन साली ती नवी नवरी होती आणि सासरच्यांच्याही पुढे होती. "ज्या देवायनं आपल्याले पायरीवर उभं नाई केलं, त्यायले मी घरात कायले पोसू?" हे तिचं वाक्य वस्तीत म्हणीसारखं चालायचं. सगळ्यांच्या घरचे देव, म्हणजे चांदीच्या पातळ पत्र्यावर ठोकून काढलेले टाक, बाबांनीच गोळा केले आणि नदीच्या डोहात सोडले. मायच्या माहेरून आलेला एकच टाक होता: वाघावर बसलेली देवी, अंगठ्याएवढी. तो तिने आपल्या हाताने दिला. फक्त देताना लुगड्याच्या चिंधीत गुंडाळून दिला. बाबांनी विचारलं, काहून? ती म्हणाली, "पान्यात थंडी वाजन."

त्यानंतर बरीच वर्षं तिने त्या देवीचं नाव काढलं नाही. आणि मग मला ताप आला.

ताप मोठा कलावंत असतो. तो आधी हळूच येतो, अभ्यास करणाऱ्या पोरीच्या पाठीवर हात ठेवतो, तिला वाटतं ऊन लागलं. मग तो घर बळकावतो. मला आठवतात ते तुकडे: पोत्याच्या अंथरुणाचा वास, ओल्या फडक्यातून कानात उतरणारं पाणी, छपराच्या कवेलूंमधून पडलेला उन्हाचा कवडसा आणि त्यात नाचणारा खडीचा पांढरा धुरळा. त्या कवडशातून मला भूगोलाचे नकाशे चालत जाताना दिसत. मी मायला सांगायची, "माय, तापी नदी चुलीत चालली, अडव तिले." आणि माय खरोखर उठून चुलीपुढे पाटा आडवा ठेवायची.

कारंज्याचे डॉक्टर येऊन पाहून गेले. चांगला माणूस, बँकेत बाबांची ओळख. म्हणाले, "टायफॉइड. गोळ्या देतो, वेळेवर द्या. पाणी उकळून. घन अन्न नाही. आणि परीक्षा विसरा. ऑक्टोबरला बसेल."

बाबा टोपी हातात घेऊन उभे होते. ती टोपी त्यांनी इतकी पिळली की पुढे ती कधी गोल झाली नाही.

ऑक्टोबर त्यांना चालणार नव्हता. त्याचं कारण मानोऱ्याकडे राहत होतं आणि त्याचं नाव आत्याबाई होतं. आत्याबाईचा मुलगा ट्रकवर किन्नर, म्हणजे क्लीनर, होता. मुलगा वाईट नव्हता; फक्त ट्रकच्या हॉर्नएवढंच बोलायचा आणि तेवढ्याच आवाजात. आदल्या उन्हाळ्यात चार माणसांसमोर आत्याबाई म्हणाली, "भाऊ, पोरीले अजून किती शिकवतं? पिकलं बोर झाडावर ठेवू नाई." त्यावर बाबांनी छातीवर हात मारून शब्द दिला, "सुमी मॅट्रिकले बसली तं पुढं शिकन. नाई बसली तं येत्या वैशाखात तुही सून." वस्तीतली एकही पोरगी तोवर मॅट्रिकच्या बाकावर बसली नव्हती. बाबांना वाटलं, बसायचंच तर आहे. बसायला काय लागतं? आता समजलं असेल, काय लागतं. मणके लागतात. माझे त्या मार्चमध्ये पेजेसारखे झाले होते.

आत्याबाई समाचाराला आली ती हिरव्या बांगड्या घेऊनच. माझ्या उशाशी बसली, कपाळावर हात ठेवला आणि म्हणाली, "बिचारी. बरी झाली की हात पिवळे करून टाकू. जिवापरीस काय ते पेपर!" हात मायेचाच होता, हे मी आज कबूल करते. पण त्या दिवशी मला त्याच्यापेक्षा ताप बरा वाटला.

त्या दुपारपासून बाबांनी युद्ध पुकारलं. पोरगी वाचू शकत नाही ना? मग आपण वाचायचं. बँकेतून आले की माझी पुस्तकं उघडून मोठ्याने वाचत. इतिहास ठीक होता. बीजगणित त्यांना कळत नव्हतं, म्हणून त्यांनी ते बुद्धवंदनेच्या चालीवर घेतलं. "अ वर्ग अधिक दोन अ ब अधिक ब वर्ग..." असा धीरगंभीर आवाज छपराखाली घुमायचा आणि सूत्र संपलं की माय सवयीने हात जोडून म्हणायची, "साधू, साधू, साधू." मला सांगा, असं बीजगणित कोणाला मिळालं असेल?

आणि दुसऱ्या आघाडीवर मायनं चांदी काढली. फळीवरच्या तारेतून नाणं सोडवलं, माझ्या कपाळावर ठेवलं आणि वरून ओलं फडकं बांधलं. बाबा घरात आले, फळीकडे पाहिलं आणि भडकले.

"हे काय?"

"थंड लागते पोरीले."

बाबा थबकले. चांदी थंड असते हे त्यांना नाकारता येईना. "धातू उष्णता ओढते," ते शेवटी म्हणाले. "हे विज्ञान हाय. राहू दे." आणि विज्ञानाच्या परवानगीने सिंह माझ्या कपाळावर राहू लागले. फडकं काढलं की त्यांचा पुसट ठसा उठलेला असायचा. सुगंधाबाई, आमची शेजारीण, तो पाहून म्हणाली, "अवं, पोरीवर तं सरकारी शिक्का मारला! आता हिले कोनी नेऊ शकत नाई." तो विनोद मला फार दिवस पुरला.

पण मायच्या मनात विज्ञान नव्हतं. तिने पहिल्यांदा ते नाणं डोळ्यांजवळ नेऊन नीट पाहिलं तेव्हा तिला जे दिसलं, ते दिल्लीच्या कोणत्याही विद्वानाला दिसलं नसेल. तिला दिसलं की वाघ उभे आहेत आणि पाठीवर कोणी नाही.

"बाई उतरून कुठं तरी गेली," ती सुगंधाबाईला हळू सांगत होती, आणि मी डोळे मिटून ऐकत होते. "वाघ इथं उभे हायेत म्हंजे दूर नाई गेली. माह्या सुमीच्या अंगात तं नाई बसली? आपुन पान्यात टाकली ना तिले."

ही भीती बाबांच्या कानावर गेली ती नवसाच्या रूपाने.

"मी बोकड बोलली," मायनं एके सकाळी जाहीर केलं.

"काय बोलली?"

"बोकड. सुमी पेपरले बसली तं बोकड देईन."

"कोनाले?"

मायनं हनुवटीने माझ्या कपाळाकडे दाखवलं.

"अवं, थे अशोकाचे सिंह हायेत! देवीचे नाईत!"

"अशोकानं कोठून आनले? त्यानं बी कोनाचे तरी आनलेच असतीन."

"पह्यलं शील काय हाय आपलं? जीव मारायचा नाई! आन तू बोकड कापतं?"

"मंग वाघ काय दशम्या खाते?"

"वाघ नाईत. सिंह हायेत!"

"मंग सिंह दशम्या खाते?"

बाबांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. माय मात्र विचारात पडली, आणि तिचा विचार प्रामाणिक होता. तिने दीक्षा मनापासून घेतली होती आणि शील मोडायचं नव्हतं. थोड्या वेळाने तिचा चेहरा उजळला. "बुद्धाचे हायेत ना तुमचे? मंग दूध पेतीन. दुधात कोनाचा जीव जाते?"

"दुष्काळात लेकराले दूध भेटत नाई, आन तू नान्यावर ओततं? एक थेंब नाई! माह्या घरात एक थेंब नाई!"

दूध खरंच नव्हतं. सुगंधाबाईच्या शेळीचं वाटीभर यायचं, ते माझं. नवस बोलून ठेवला होता, फेडायचं पुढे बघू, असा मायचा चेहरा होता. आणि ताप उतरत नव्हता.

मी हे सगळं आज रंगवून सांगते, हात नाचवून सांगते, लोक हसून लोळतात. पण त्या खोलीत हसणारं कोणी नव्हतं. मला आठवतो तो मायचा हात. रात्रंदिवस फडकं पिळून तिच्या बोटांची कातडी पांढरी, सुरकुतलेली झाली होती, चाळिशीही न गाठलेल्या बाईची बोटं. मला आठवतात बाबांचे ओठ, पुस्तक मिटल्यावरही हलणारे. जगात ज्यांच्याकडे वशिला असतो ते वशिला लावतात. आमच्या घरात दोन माणसं होती. एकाच्या हाती न कळणारं बीजगणित होतं आणि दुसरीच्या हाती एक नाणं. दोघांनी आपापलं हत्यार घट्ट धरलं होतं, इतकंच.

मग एके दिवशी फळीवरची तारही रिकामी आणि माझं कपाळही रिकामं. माय घरात नाही. बाबा बँकेतून आले, सुगंधाबाईने नदीकडे बोट दाखवलं, मला तिच्यावर सोपवून ते तसेच अनवाणी धावले. पुढचं मायच्या तोंडचं आहे, आणि ती दर वर्षी त्यात थोडी भर घालायची, हे आधीच सांगून ठेवते.

ती डोहावर गेली होती. देवीचे वाघ देवीला परत करायचे आणि पोरगी मागून घ्यायची, असा साधा व्यवहार तिने ठरवला होता. पण डोह कोरडा. ज्या डोहात गुरं बुडायची तिथे भेगाळलेला चिखल, त्यावर बगळ्यांच्या पायांचे वाळलेले ठसे. नाणं बुडवायचं कशात? तिने कमरेचं खुरपं काढलं आणि खोदायला लागली. बाबा पोचले तेव्हा ती कोपरापर्यंत मातीत होती.

"काय करून राह्यली?"

"तिले शोधून राह्यली. वाघ हातात देईन आन सांगीन, घे तुही सवारी, सोड माह्या पोरीले."

आता इथे, माय सांगायची, बाबांनी आधी इकडे पाहिलं, मग तिकडे पाहिलं. नदीत चिटपाखरू नव्हतं. मग हा वस्तीचा व्याख्याता, न दिसणारं काही न मानणारा, घसा खाकरून म्हणाला, "तिथं नाई टाकलं मी. तिकडं, त्या खडकापाशी."

आणि खडकापाशी बसून स्वतःच हाताने खोदायला लागला.

दोघांनी ऊन कलेपर्यंत खोदलं. शिंपले निघाले, एका मडक्याचा काठ निघाला, कोणाच्या तरी बैलाची घंटा निघाली. टाक निघाला नाही. निघाला असता तर बाबांचं काय झालं असतं, देव जाणे. चुकले, बुद्ध जाणे. परत येताना सबंध वाटेत बाबा एकच वाक्य बोलले: "ताईले सांगू नको." ताई म्हणजे आत्याबाई.

ताप उतरला. कशाने, ते विचारू नका, कारण आमच्या घरात त्याचा निकाल लागलेला नाही. बाबा म्हणत, गोळ्या. माय म्हणे, "गोळ्याच. पन गोळ्यायले कोनी लावलं कामाले?" गंमत अशी की गोळ्यांच्या वेळा पाठ होत्या त्या मायला. उन्हाची तिरीप उंबऱ्याला लागली की एक, शेळी घरी आली की एक. पदराच्या गाठीत एकीकडे गोळ्या आणि एकीकडे सिंह, आणि चालताना ती गाठ मांडीवर आपटायची.

मागच्या हिवाळ्यात अमरावतीला जुन्या नाण्यांचं प्रदर्शन भरलं होतं. मी ते नाणं पर्समधून नेलं. एका संग्राहकाने भिंग लावून पाहिलं आणि त्याचा चेहरा आजाऱ्याच्या नातेवाइकासारखा झाला. "मॅडम, हे कशाने घासलं?" मी म्हटलं, माय घासायची, चिंचेने, राखेने, कधी कधी मातीनेही. "सिंहांची नाकंच गेली हो! आयाळ गेली! नाणं असं कधी घासायचं नसतं. जसं आहे तसं ठेवलं असतं तर कोणीही हौसेने घेतलं असतं." अगदी बरोबर होतं त्याचं. वर त्याने सांगितलं की यात चांदी निम्मीच आहे, निम्मं दुसरं काहीबाही. मी म्हटलं, आमच्या घरातही निम्मंनिम्मंच होतं. त्याला ते कळलं नाही. बाईंचं वय झालं असं समजून त्याने अदबीने नाणं परत केलं.

पेपरच्या सकाळी डॉक्टरांची परवानगी नव्हती आणि मनाईही नव्हती, ते नुसते म्हणाले, "न्या, पण उन्हातून नको." कामरगावहून निघणाऱ्या पहिल्या एस.टी.त बाबांनी मला खिडकीशी बसवलं आणि स्वतः दारात असे उभे राहिले की कोणी आमच्या बाजूला रेलू नये. मायच्या पदराच्या गाठीत सिंह होते आणि हातात झाकणाची लोटी होती, शेळीच्या दुधाची, मधल्या सुट्टीत मला द्यायला. रस्त्याच्या कडेने दुष्काळी कामाची माणसं डोक्यावर टोपली घेऊन चालली होती. त्यांतल्या एका बाईने आमच्याकडे पाहून हात हलवला. मायनं लोटीसकट हात हलवला आणि दूध हिंदकळलं. बाबा ओरडले, "सांडतं ना!" तेवढंच बोलणं झालं. मी मनात सूत्र म्हणत होते आणि ते वंदनेच्या चालीतच येत होतं.

केंद्र कारंज्याच्या एका शाळेत होतं. माझा वर्ग जमिनीलगतचा, उघड्या खिडक्यांचा. बाहेर पालकांची रांग गजांना लागलेली. बाबांनी मला दारापर्यंत आणलं. बाकावर मी बसले. बसले! बाबांच्या शब्दाप्रमाणे तिथेच सगळं संपायला हवं होतं. पण बाक ही नुसती बसायची जागा नाही, हे बाबांना तेव्हा गजांतून आत पाहताना कळलं असावं, कारण माझ्यापुढे प्रश्नपत्रिका आली आणि माझा हात उचललाच जाईना.

अक्षरं पोहत होती. पेन मुसळाएवढं झालं होतं. शेजारच्या पोरींची पेनं कागदावर उंदरासारखी खुडखुड चालली होती आणि माझ्या उत्तरपत्रिकेवर फक्त घामाचा एक थेंब पडला होता, तोही वाळत आला. मला सगळं समोर दिसायला लागलं: हिरव्या बांगड्या, वैशाख, ट्रकचा हॉर्न. रडूही येईना, रडायलाही अंगात थोडी ताकद लागते. मी मान वळवून खिडकीकडे पाहिलं. गजांमागे माय होती, लोटी छातीशी धरलेली, ओठ मिटलेले. आणि तिच्या बाजूला बाबा, टोपी नसलेले, चेहऱ्यावरचा सगळा सम्राट अशोक उतरलेला. ते माझ्याकडे पाहत नव्हते. माझ्या हाताकडे पाहत होते.

पुढच्या क्षणी जे घडलं त्याने सारा वर्ग थांबला. पर्यवेक्षकांच्या हातातली खडूची डबी पडली. पोरी मागे वळल्या. कुठला तरी शिपाई पळत आला. आणि माझ्या पोटातून, जिथे कितीतरी दिवस पेजेशिवाय काही गेलं नव्हतं, तिथून असं हसू उसळून आलं की खोकल्याचं निमित्त करून तोंड झाकावं लागलं. आणि तोंडावरचा हात काढून मी जेव्हा कागदावर ठेवला तेव्हा तो चालत होता, वाकडातिकडा, पण चालत होता. कारण खिडकीचे गज दोन्ही मुठींत धरून, अख्ख्या केंद्राला ऐकू जाईल अशा आवाजात, माझे बाबा मायवर खेकसले होते:

"अवं, पाहून काय राह्यली? पाज ना तुह्या वाघायले दूध, पोरगी लिहून नाई राह्यली!"